एकसारखे, पण कोणाच्या बाजूने?

भिवंडीत कामतघरच्या बाजूला वऱ्हाळदेवीचा तलाव आहे. काठावर देवीचे देऊळ आहे. या नावातल्या ‘ऱ्ह’ने मला एकदा चारचौघांत खाली बघायला लावले, आणि प्रस्तुत लेखाची सुरुवात तिथूनच झाली.

मी शिक्षणाने साधा वाणिज्य शाखेचा पदवीधर. बरीच वर्षे अक्षरजुळणीची कामे केली, नंतर एका गोदामात हिशेबाला बसलो. संगणकाचे जे काही कळते ते पुस्तके वाचून आणि यंत्रे बिघडवून. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका मंडळाने उत्सवाचे पत्रक करायला सांगितले. घरच्या लिनक्स संगणकावर मी मजकूर टंकला, दोनदा वाचला आणि पेन ड्राइव्हवर घेऊन छपाईच्या दुकानात दिला. तिथे विंडोज होते. मुलाने मजकूर उचलून आपल्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. मला घाई होती, म्हणून छापण्याआधीचा कागद मी वरवर पाहिला. संध्याकाळी गठ्ठा मंडळात पोचला आणि एका वयस्कर कार्यकर्त्यांनी पहिलीच ओळ मोठ्याने वाचली : ‘वर्हाळदेवी’. रफार ‘ह’च्या डोक्यावर चढून बसला होता. ते म्हणाले, “अहो, एवढी पुस्तकं वाचता तुम्ही, आणि देवीचं नाव धड लिहिता येईना?”

चूक माझीही होतीच, कागद नीट तपासला नव्हता. पण एक प्रश्न डोक्यातून जाईना. माझ्या पडद्यावर अक्षर बरोबर होते आणि त्या मुलाच्या यंत्रात बिघाड नव्हता. मग दोन शहाण्या यंत्रांच्या मधल्या वाटेवर देवीचे नाव बिघडले कसे? शोध घेता घेता लक्षात आले की हा प्रश्न एका अक्षराचा नाही. पडद्यावरची मराठी एका यंत्रावर एक, दुसऱ्यावर दुसरी असते. ती एकसारखी करायची तर कोणाच्या सोयीने करायची, हे कोणीच ठरवलेले नाही. या लेखात त्याचीच चिकित्सा करायची आहे.

एकसारखेपणाचा हट्ट

संगणकाशी आपला व्यवहार ज्या खिडक्या, बटणे, याद्या आणि खुणांमधून होतो, त्या सगळ्यांना मिळून इंटरफेस म्हणतात. अॅपलचा मॅकिंटॉश जानेवारी १९८४ मध्ये आला, मायक्रोसॉफ्टचे पहिले विंडोज नोव्हेंबर १९८५ मध्ये. पुढे लिनक्सवर केडीई (१९९६) आणि ग्नोम (१९९७) हे दोन स्वतंत्र प्रकल्प उभे राहिले. प्रत्येकाने आपापले शिष्टाचार ठरवले. खिडकी बंद करायची खूण मॅकवर डाव्या कोपऱ्यात, विंडोजवर उजव्या. नक्कल करायला एकीकडे कमांड आणि सी, दुसरीकडे कंट्रोल आणि सी.

सगळ्यात बोलके उदाहरण दोन बटणांचे आहे. ‘ठीक’ आणि ‘रद्द’ यांपैकी आधी कोण? विंडोजमध्ये होकार आधी, नकार नंतर. मॅकवर होकाराचे बटण सगळ्यात उजवीकडे. ग्नोमने २००२ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून मॅकचा क्रम घेतला, केडीई विंडोजच्या क्रमाने राहिले. म्हणजे एकाच लिनक्स संगणकावर दोन सॉफ्टवेअर उघडली तर हो-नाहीची जागा उलटसुलट. घाईत उजवे बटण दाबायची सवय असलेला माणूस एका खिडकीत काम राखतो आणि दुसरीत गमावतो.

यावर दोन उपाय झाले. एक असा, की सॉफ्टवेअर सर्व यंत्रांवर हुबेहूब एकच दिसावे. जावा ही भाषा १९९५ मध्ये ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ असे सांगत आली. १९९८ च्या सुमारास तिच्या ‘स्विंग’ या संचाने बटणे, याद्या सगळे स्वतःच रंगवायला घेतले. पडदा सगळीकडे सारखा झाला खरा, पण तो कुठल्याच यंत्रावर घरचा वाटेना. दुसरा उपाय असा, की आतले काम एकच ठेवून बाहेरचे रूप ज्या त्या यंत्राच्या रिवाजाप्रमाणे बदलावे. ‘क्यूट’ या संचाने २००६ मध्ये बटणांसाठी अशी पेटी दिली : लिहिणाऱ्याने फक्त ‘हे होकाराचे, हे नकाराचे’ एवढे सांगायचे, क्रम यंत्र पाहून आपोआप लागतो. हा उपाय मला अधिक समंजस वाटतो. पण एकच माणूस दोन यंत्रांवर बसत असेल, तर त्याच्या वाट्याला घोटाळा येतोच. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी ही गोष्ट आहे.

या कोंडीवर नेमके बोट ठेवले ते जोनाथन ग्रूडिन या अभ्यासकाने. ऑक्टोबर १९८९ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात त्याने इंटरफेसच्या एकसारखेपणाच्या विरुद्ध बाजू मांडणारा निबंध लिहिला. एकसारखेपणाचे तीन प्रकार त्याने वेगळे काढले : सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या आतला, इतर सॉफ्टवेअरांशी असलेला, आणि संगणकाबाहेरच्या ओळखीच्या जगाशी असलेला. हे तीन एकमेकांशी भांडतात, आणि भांडण लागले की निवाडा माणसाच्या कामावरून करावा, असा त्याच्या प्रतिपादनाचा रोख होता. निबंध जुना आहे, पण प्रश्न अजून सुटलेला नाही. माझी तक्रार एवढीच, की त्याच्या मांडणीत भाषा मध्यभागी नाही. आपल्याकडे मात्र खरी अडचण तिथेच आहे. आणि तिसऱ्या प्रकाराचा अर्थ मला निबंधापेक्षा आमच्या गावातल्या मागांनी नीट समजावला.

उजवा माग, डावा माग

भिवंडीबाहेरच्या वाचकाला यंत्रमाग म्हटले की एकसारख्या यंत्रांच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. गाळ्यात शिरून नीट पाहावे. साधा यंत्रमाग दोन प्रकारे बनतो, उजवा आणि डावा. दोन्ही एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. एकाचे हँडल उजव्या अंगाला, दुसऱ्याचे डाव्या. असे माग जोडीने लावले की दोघांची हँडले मधल्या वाटेकडे येतात. कारीगर त्या वाटेत उभा राहतो. तार तुटली, कांडी संपली, की इकडे हात किंवा तिकडे हात.

सर्व माग हुबेहूब एकाच बाजूचे बनवले असते, तर कारखानदाराला सोपे गेले असते. सुटे भाग एकच, नकाशा एकच. पण मग कारीगराला दर वेळी वळसा घालून हँडल गाठावे लागले असते. लँकशायरच्या जुन्या मागांपासून चालत आलेल्या या रचनेत यंत्रे वेगवेगळी आहेत आणि माणसाचा हात एका जागी आहे. एकसारखेपणा मोजायचा तर तो वाटेत उभे राहून मोजावा. सॉफ्टवेअरवाले तो मोजतात यंत्राच्या बाजूने : आमचे उत्पादन सगळीकडे सारखे दिसते का? वाटेतल्या माणसाला एकच काम करायला किती प्रकारे हात वळवावा लागतो, हे त्यांच्या मोजपट्टीवर येत नाही.

आता हीच कसोटी मराठीला लावू.

सरांचा पडदा

आमच्या इमारतीत मराठीचे एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांनी नवा संगणक घेतला तेव्हा मला बोलावले. “आयुष्यभर मराठी शिकवली, आता यंत्रही मराठीत हवं,” म्हणाले. मी आनंदाने लिनक्स बसवले आणि सगळा इंटरफेस मराठीत करून दिला. काही आठवड्यांनी पुन्हा हाक आली. “अहो, ते तेवढं परत इंग्रजी करून द्या.”

मला धक्का बसला. कारण विचारले. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. काही अडले की सर त्याला फोन लावत. मुलगा म्हणे, “बाबा, सेटिंग्जमध्ये जा.” सरांच्या पडद्यावर ‘संयोजना’. मुलगा म्हणे, “सेव्ह करा आधी.” एका खिडकीत ‘साठवा’, दुसरीत ‘जतन करा’. सर म्हणाले, “मुलाला मराठी येत नाही असं नाही. त्याला माझ्या पडद्यावरची मराठी येत नाही. आणि खरं सांगू, मलाही येत नाही.”

दर बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो. इथे ती दर खिडकीला बदलते. एका आज्ञेसाठी ‘जतन करा’, ‘साठवा’, ‘संचयन’ आणि ‘सेव्ह करा’ हे चारही शब्द मराठी पडद्यांवर मी पाहिले आहेत. फायरफॉक्समध्ये ‘वाचनखूण’ आहे, क्रोममध्ये ‘बुकमार्क’. ‘फाइल’ ऱ्हस्व की दीर्घ, यावरही एकमत नाही. यातला एकेक शब्द वाईट नाही. ‘वाचनखूण’ तर मला फार आवडतो. पण चार चांगले शब्द एका माणसाच्या वाटेत आले की तो चारही टाळून पाचव्या, इंग्रजी शब्दाकडे जातो. तो शब्द प्रिय असतो म्हणून नव्हे. सगळीकडे तोच सापडतो आणि फोनवरच्या माणसालाही तोच ठाऊक असतो, म्हणून.

असे का झाले? भाषांतरकार निष्काळजी होते असे मी म्हणणार नाही. यातले बरेच काम मराठी स्वयंसेवकांनी रात्री जागून, पैशाची अपेक्षा न ठेवता केले आहे. अडचण कामाच्या पद्धतीत आहे.

पहिली गोष्ट, भाषांतरकाराला पडदा दिसत नाही. त्याच्या हाती येते ती सुट्या शब्दांची यादी. त्यात ‘ओपन’ असा एकच शब्द असतो. ती आज्ञा आहे की स्थिती, हे कळायला मार्ग नाही. इंग्रजीत दोन्हींना एक शब्द चालतो. मराठीत ‘उघडा’ लिहावे तर आज्ञा म्हणून ठीक, पण स्थिती म्हणून वाचले तर अंगावर सदरा नसलेला माणूस आठवतो.

दुसरी गोष्ट लिंगाची. ‘अमुक काढून टाकले’ असे वाक्य सॉफ्टवेअर जुळवते आणि ‘अमुक’च्या जागी नाव भरते. इंग्रजी क्रियापदाला फरक पडत नाही. मराठीत फाइल काढून टाकली जाते, फोल्डर काढून टाकला जातो आणि चित्र काढून टाकले जाते. तीन लिंगांच्या भाषेला एकच साचा दिला की दर तीन वाक्यांतली दोन लंगडतात. वाचणाऱ्याला कारण कळत नाही, पण भाषा परकी आहे एवढे मात्र कळते.

तिसरी गोष्ट ऑल्ट कळीची. इंग्रजी यादीत शब्दातले एक अक्षर अधोरेखित असते आणि ऑल्टबरोबर ते दाबले की यादी उघडते. मराठीत ती सोय टिकवण्यासाठी ग्नोमच्या जुन्या आवृत्त्यांत ‘फाइल’ शब्दाच्या पुढे कंसात रोमन एफ लिहिलेला असे. बोटांची सवय सांभाळायची म्हणून केलेली ही तडजोड. पण शब्दाच्या शेजारी इंग्रजी पहारेकरी कायमचा उभा राहिला.

आणि चौथी गोष्ट, जी मला सर्वात महत्त्वाची वाटते. एकच सॉफ्टवेअर वेगवेगळ्या यंत्रांवर चालते, तेव्हा त्याच्या सगळ्या खिडक्या त्याच्या स्वतःच्या नसतात. लिबरऑफिससारख्या सॉफ्टवेअरमध्ये मुख्य यादी त्याची स्वतःची असते, पण फाइल निवडायची खिडकी सहसा खालच्या प्रणालीकडून उसनी येते. विंडोजवर ती विंडोजची, लिनक्सवर ग्नोमची किंवा केडीईची. रूप घरचे वाटावे म्हणून हे चांगलेच. पण शब्दही उसने येतात. वरच्या यादीत एक क्रियापद वाचून तुम्ही बटण दाबता आणि उघडलेल्या खिडकीत त्याच कामाला दुसरे क्रियापद असते. विंडोजवर आणखी एक भर पडते. मायक्रोसॉफ्टने मराठीसाठी जे भाषासंच दिले ते मूळ इंग्रजी विंडोजवर चढवायचे अंशतः भाषांतर होते. नेहमीचा दर्शनी भाग मराठीत, आतल्या खोल्या इंग्रजीत. म्हणजे अडचणीच्या वेळी, जेव्हा माणूस आतल्या खोलीत शिरतो, तेव्हाच मराठी हात सोडते.

शब्द एक करायचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात ‘फ्यूएल’ नावाचा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. वारंवार येणाऱ्या आज्ञांची यादी करून त्या भाषेच्या लोकांनी एकत्र बसून प्रतिशब्द ठरवायचे, ही त्याची कल्पना, आणि मराठीही त्यात होती. कल्पना उत्तमच, पण ती एका काठावर राहिली. पलीकडच्या काठावर मायक्रोसॉफ्टची स्वतःची मराठी परिभाषा आणि शैलीपुस्तिका आहे. दोन्ही बाजूंनी आपापल्या घरात शिस्त आणली. पण माणूस सकाळी कचेरीत विंडोजवर आणि रात्री घरी लिनक्सवर बसतो. तो ज्या वाटेत उभा आहे, तिथे ही दोन घरे एकमेकांशी बोलत नाहीत. आपले भाषा संचालनालय १९६० पासून परिभाषेचे काम करते आहे. कोशांत शब्द आहेत. पण कोशातला शब्द आणि बटणावरचा शब्द यांत फरक असतो. बटणावरचा शब्द फोनवर सांगता आला पाहिजे.

एक अक्षर, दोन जन्म

आता पुन्हा वऱ्हाळदेवीकडे. शब्दांचा घोळ निदान डोळ्यांना दिसतो. अक्षरांचा घोळ दिसत नाही, म्हणून तो जास्त घातक आहे.

‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ ही मराठीची खास गरज. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना’ नमस्कार करायचा, ‘आचाऱ्यांना’ जेवणाचे सांगायचे. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला ऱ आणि त्यापुढे हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. एका पद्धतीने टंकलेले ‘वऱ्हाळ’ दुसऱ्या पद्धतीने शोधले तर साध्या शोधाला सापडत नाही. आणि वाटेतल्या एखाद्या सॉफ्टवेअरने ते न दिसणारे चिन्ह कचरा समजून झाडून टाकले, की उरतो साधा र आणि हलन्त, म्हणजे रफार. माझ्या पत्रकाचे नेमके हेच झाले होते. मी दुसऱ्या पद्धतीने टंकले होते.

‘ॲ’ची कथाही तशीच. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ मध्ये. तोवर लोक ‘अ’वर चंद्र चढवत होते, नाही तर हिंदी वळणाचा ‘ऍ’ वापरत होते. आज तिन्ही रूपे कागदपत्रांत नांदतात. ‘ॲडव्हान्स’ शोधला तर एकाच माणसाच्या नोंदी तीन ठिकाणी विखुरलेल्या निघतात. गोदामाच्या हिशेबात हे मी स्वतः निस्तरले आहे. अकारविल्हे यादीचेही तेच. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ शेवटाकडे, ‘ह’च्या पुढे. युनिकोडच्या तक्त्यात तो ‘ल’च्या मागोमाग. ज्या सॉफ्टवेअरला मराठीचा क्रम शिकवलेला नाही, ते तक्त्याप्रमाणे यादी लावते.

अक्षराच्या वळणाचा प्रश्नही इथेच येतो. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची रूपे प्रमाण ठरवली. पण संगणकावर हिंदीचा ल आणि मराठीचा ल यांचा क्रमांक एकच आहे. फरक दाखवायचा तर फाँटमध्ये दोन्ही रूपे हवीत आणि हा मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरने फाँटला सांगायला हवे. यातले एक चुकले की निर्णय कागदावर राहतो. विंडोजवर अनेक वर्षे ज्या मंगल फाँटने आपण सरकारी पत्रे वाचली, त्यातले ल आणि श हिंदी वळणाचेच होते.

या भागात एक चांगली गोष्ट घडली, ती सांगायलाच हवी. देवनागरीची जोडाक्षरे जुळवण्याचे काम पूर्वी प्रत्येक प्रणालीचे वेगळे यंत्र करी, म्हणून एकाच फाँटची दोन रूपे दिसत. ‘हार्फबझ’ या मुक्त सॉफ्टवेअरने हे काम सर्वांसाठी एकच केले. फायरफॉक्स, क्रोम ते वापरतात. लिबरऑफिसने २०१७ च्या ५.३ या आवृत्तीपासून ते सर्व प्रणालींवर आणले. त्याचे नाव फारसीतून आले आहे : हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे खुले. भिवंडीच्या निम्म्या गल्ल्यांत हर्फ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. बाहेरून काहीच न बदलता आतला पाया एक झाला, आणि मराठी अक्षर तीन यंत्रांवर एकसारखे उभे राहिले. हा एकसारखेपणा माणसाच्या बाजूचा आहे.

बोटांची भाषा

माणसाच्या बाजूचे दुसरे उदाहरण आपल्याच देशात घडले आणि आपणच ते दुर्लक्षिले. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी निश्चित केली. पुढे १९९१ च्या भारतीय मानकातही ती आली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ दुसऱ्या. ब्राह्मीपासून आलेल्या आपल्या लिपींची वर्णमाला समान आहे, या एका जाणिवेवर ती उभी आहे. त्यामुळे ज्या कळीवर मराठी क येतो, त्याच कळीवर तेलुगू क. आमच्या पद्मानगरातल्या तेलुगू घरातले मूल आणि कामतघरातले मराठी मूल एकाच बोटाने क लिहू शकते. उर्दूची लिपी वेगळी, म्हणून ती या घरात बसली नाही, ही मर्यादा मान्य करायला हवी.

इनस्क्रिप्ट विंडोजवर आहे, लिनक्सवर आहे, मॅकवर आहे. ‘वऱ्हाळ’ लिहायला व, शिफ्टसह र, हलन्त, ह, काना, ळ. शिफ्टने थेट नुक्त्याचा ऱ येतो, न दिसणाऱ्या चिन्हाची गरज पडत नाही. तीस-चाळीस वर्षांत सगळे काही बदलले, ही मांडणी टिकली. पण आम्ही अक्षरजुळणीवाल्यांनी टंकलेखन यंत्राची रेमिंग्टन मांडणी सोडली नाही, कारण बोटे तिथे बसली होती. जो तो आपापल्या फाँटच्या कोंडवाड्यात राहिला. एका संचातला मजकूर दुसऱ्या यंत्रावर रोमन अक्षरांचा खिचडा होई, आणि आम्ही त्याला धंद्याचा भाग समजत होतो. गिऱ्हाईक बांधलेले राहते, हेही आम्हाला ठाऊक होते. हे कबूल केल्याशिवाय कंपन्यांना बोल लावायचा मला अधिकार नाही. नव्या पिढीने मोबाइलवर रोमनमधून मराठी लिहायचा रस्ता धरला. तो सोपा आहे, पण त्यात ‘ऱ्ह’ मिळेल की नाही हे ज्या त्या साधनाच्या मर्जीवर.

निवाडा

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंदच आहे. पण अभिजात भाषेच्या शिक्षकाला आपला पडदा इंग्रजीत करून घ्यावा लागतो, तेव्हा त्या भाषेचा रोजचा व्यवहार कुठे चालला आहे हे पाहायला हवे. ग्रंथात आणि भाषणात मराठी राहील. कामाच्या वेळी, फाइल हरवली असताना, प्रिंटर अडला असताना ती राहील का, हा प्रश्न आहे.

माझे निष्कर्ष साधे आहेत. सर्व यंत्रांवर सगळे हुबेहूब सारखे असावे, हा आग्रह सोडावा. बटण डावीकडे की उजवीकडे, हे ज्या त्या प्रणालीने ठरवावे. माणूस तेवढे शिकतो, दोन मागांच्या मध्ये उभा राहायला शिकतो तसा. मात्र तीन गोष्टी वाटेतल्या माणसासाठी पक्क्या हव्यात. नेहमीच्या आज्ञांचे शब्द सर्व काठांवर एक असावेत, मग त्यात ‘सेव्ह’ आणि ‘सेटिंग्ज’ आले तरी चालतील. तोंडी रुळलेला शब्द मराठीच असतो. अक्षराचे एकच जन्मनाव असावे, म्हणजे ‘ऱ्ह’ आणि ‘ॲ’ एकाच पद्धतीने साठवले जावेत, आणि शोधताना जुनी रूपेही सापडावीत. आणि शासन जे सॉफ्टवेअर विकत घेते किंवा करून घेते, त्याला आधी एक चिठ्ठी टंकायला लावावी : वऱ्हाड, दऱ्या, आचाऱ्यांना, ॲसिड, बाळ, शाळा. ही चिठ्ठी एका यंत्रावर लिहून, दुसऱ्यावर उघडून, तिसऱ्यावर छापून शाबूत राहिली, तरच पुढे बोलावे. याला फार खर्च येत नाही.

पत्रक मी पदरच्या पैशाने पुन्हा छापून दिले. चुकीची एक प्रत टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. सरांचा पडदा आज इंग्रजीत आहे. त्यांना इनस्क्रिप्ट मात्र मी शिकवले, आणि सत्तरीच्या पुढच्या बोटांनी ते पंधरवड्यात शिकले. परवा त्यांनी आठवणींचे पहिले प्रकरण मुलाला पाठवले. मुलाने ते पुण्याला मॅकवर उघडले आणि फोन केला. सरांनी पहिला प्रश्न विचारला, “वऱ्हाळदेवी नीट दिसते ना?”

दिसत होती.